उजेड पाडताना

खुर्चीवर बसायचं नाही, हे त्यांनी कागदावरच लिहून दिलं होतं.
सोळाशे चाळीसची खुर्ची,
हात लावायचा तर हातमोजे घालून.
मग कॅन्टीनमधलं निळं प्लास्टिकचं स्टूल आणलं,
त्यावर मखमल टाकली,
आणि खुर्ची मागे अशी उभी केली
की फोटोत दोन्ही मिळून एकच आसन दिसावं.
जुने चित्रकार तरी दुसरं काय करायचे, लीवेन म्हणाला.

बाई यायच्या होत्या दोनला.
तोवर तीन तास स्टुलावर मी.
माझं नाक हेच त्यांचं नाक.
माझ्या डाव्या गालावर त्यांची सावली बेतली,
शिंपी बेततो तशी, थोडी ढिली ठेवून.

भिंतींना सोनेरी वर्खाचं कातडं, त्यावर डाळिंबं आणि पोपट.
त्याला काही टेकवायचं नाही.
मेणबत्ती ठेवायची, पेटवायची नाही.
स्टँडच्या पायांत टेनिसचे चेंडू,
रेडिएटरवर गालिचा,
आणि दारावरची ती हिरवी धावती बाहुली,
आग लागली तर इकडून पळा म्हणणारी,
तिच्यावर माझी टोपी.
पहारेकरीण तिस्ये आत डोकावली,
टोपी पाहिली,
आणि दार हळूच लोटून घेतलं.

उजेड खिडकीतून हवा होता,
पण खिडकीचा नको होता.
म्हणून बाहेर गल्लीत शिडीवर मोठा दिवा, पुढे पांढरी चादर.
साडेबाराला ढग फाटले,
फ्लँडर्सात मार्चमध्ये कधी नव्हे ते खरं ऊन आलं,
आणि लीवेन ओरडला, झाका!
मी धावत जाऊन सूर्याला काळं कापड लावलं.
असा आम्ही उजेड पाडला.

गोडेलीव्हबाई चालत आल्या.
हातात भाजीची पिशवी, लीकची पात बाहेर आलेली.
सत्तावीस वर्षं त्या मनोऱ्यावर घंटा वाजवतात.
बेकरीतली बाई त्यांचीच रविवारची धून गुणगुणत
त्यांना सुटे पैसे देते,
वर न बघता.
यंदा महोत्सवाच्या समितीला चेहरा हवा होता.
आवाज पोस्टरवर कसा छापू, अध्यक्षांनी विचारलं होतं.

नाटकवाल्यांकडून भाड्याने आणलेली चुण्यांची पांढरी कॉलर.
हिच्यात मान खाली घालता येत नाही, बाई म्हणाल्या.
घालूच नका, लीवेन म्हणाला.
हात मांडीवर, एकावर एक, बोटं सैल.

बोटं काही सैल होईनात.
तिथे वर मुठीनं वाजवतात, लाकडी दांड्यांवर,
करंगळीच्या कडेला घट्टा पडलेला, बुटाच्या टाचेसारखा.
लीवेननं हातात पत्र दिलं, मग हातमोजा,
शेवटी लिंबू.
लिंबू त्यांनी असं धरलं
जसं कोणी येऊन हिसकावणार आहे.

पावणेतीनला मनोऱ्यातला पितळी पिंप आपोआप फिरला,
पाव तासाची धून वाजू लागली.
बाईंनी कॉलर देईल तेवढी मान वळवली.
डोळे बारीक झाले.
तेवीस नंबर, म्हणाल्या,
हातोडीची तार ढिली पडलीय.
उजवी मूठ आपसूक वळली, हवेत वीतभर खाली आली,
लिंबू सुटून खुर्चीखाली गेलं,
आणि मी बेतलेली सावली
त्यांच्या चेहऱ्यावरून उसवली.

मी बघतच राहिलो. रिफ्लेक्टर हातात खाली आला.
अर्धा चेहरा अंधारात.
लीवेननं एकदाच बटण दाबलं
आणि मला शिवी हासडली.

समितीनं लिंबूवाला निवडला.
भारदस्त वाटतो, म्हणाले.

त्या दिवशी मात्र बाई कॉलर काढून, पिशवी तिथेच विसरून
तडक चारशे अकरा पायऱ्या चढल्या.
मी गल्लीत वायरी गुंडाळत होतो.
काळं कापड काढलं, तर मागे ऊन नव्हतंच.
चार वाजले.
सगळी धून मी कान देऊन ऐकली,
तेवीस नंबर कुठला असेल ते शोधत.
मला काही फरक कळला नाही.