लावून घेणं

तिसरी रात्र. चकती फिरते आहे.
चार लाख बारा हजार फेऱ्या झाल्या
आणि पडद्यावरची रेघ शून्याच्या इतकी जवळ
की ओदिलला दर तासाला वाटतं,
यंत्र बंद पडलं असेल.

बंद नाही.
निर्वात भांड्याच्या काचेआड
पोलादाची एक गोळी, मिऱ्याएवढी,
पाच न्यूटनांनी दाबून धरलेली,
एकाच वर्तुळात एकच वाट तुडवते आहे.
वाटेवर मॉलिब्डेनम आणि गंधक, थरावर थर,
सगळं मिळून एक मायक्रॉन.
केसाचे उभे सत्तर काप करा,
त्यातला एक.

ला शो-द-फोंमध्ये ह्या दिवसांत
बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत येतो.
इथून चार रस्ते पलीकडे तिचे वडील, आर्मों,
बेचाळीस वर्षं घड्याळांना तेल पाजत बसले.
सुईच्या टोकावर थेंब. थेंब म्हणायलाही मोठा.
जास्त झालं तर पसरतं, ते म्हणत,
कमी झालं तर घड्याळ तक्रार करतं,
आणि तीही माझ्याकडे नाही, मालकाकडे.

ओदिलच्या चाकांना मालक भेटत नाही.
ती जातात तिकडे तेल उडून जातं,
उरलंच तर थिजतं.
अडकलेला सांधा उघडून बघायला
कुणी जात नाही.

म्हणून हे कोरडं वंगण.
त्याची रीत अशी:
पहिल्या काहीशे फेऱ्या खरखर.
मग थर स्वतःतलं थोडं काढतो
आणि गोळीला फासतो.
गोळी लावून घेते.
(माणसांना आपण सांगतो, लावून घेऊ नकोस.)
त्यानंतर पोलाद पोलादाला भेटतच नाही,
काळ्यावरून काळं सरकतं,
रेघ खाली येते
आणि खालीच राहते.

चंदनाचा दाखला इथे चालणार नाही.
वास येत नाही. नुसती काळी पूड
वाटेच्या दोन्ही कडांना.

गुरुवारी नव्या मुलाने, तित्सियानोने,
भलतीच झडप अर्धी वळवली.
खोलीतली हवा आत शिरली, साधी हवा,
तिच्यात कॉफीची वाफ, ओले बूट, त्याचाच श्वास.
रेघ उभी राहिली. तीन शतांशांवरून अठरा.
"पण हवाच तर होती," तो म्हणाला.
तिने पंप लावला. रेघ उतरली,
उतरली, पण सोमवारच्या जागी नाही.

मग डबा उघडून, चीज कापता कापता,
तिने त्याला सांगितलं:
उडण्याआधी उपग्रहाचे पंख
जमिनीवर उघडून मिटून बघतात. अकरा वेळा.
खात्री हवी असते सगळ्यांना.
प्रत्येक खात्री
ह्या एका मायक्रॉनमधूनच वजा होते.

शुक्रवार, सकाळ.
सहा लाख अकरा हजार तीनशे चाळीस.
रेघ आधी थरथरली, मग एकदम वर,
आणि यंत्र आपलं आपण थांबलं.
भिंगाखाली वाटेच्या मधोमध
उघडं पोलाद, नखाच्या कोरीएवढं, लखलखीत.
अहवालात रकाना असतो, बिघाडाचं कारण.
झीज, असं लिहायचं.
तिने लिहिलं.
पण सहा लाख फेऱ्या जे चाललं होतं
तेही तेच होतं,
आणि त्याला रकाना नाही.

निघताना जाकिटाची चेन अडकली.
जाकीट आर्मोंचं, तिला खांद्यात मोठं.
तिने टेबलावरची पेन्सिल उचलली
आणि दात्यांवरून घासली, वर, खाली,
जशी ते घासायचे, तिच्या शाळेला उशीर होत असताना,
मुळीच घाई न करता.

ग्रॅफाइटचा स्वभाव उलटा. त्याला ओल लागते,
निर्वातात त्याचा नुसता भुगा होतो.
बाहेर बर्फ भुरभुरतोय, हवा पुरेशी ओली आहे.
चेन गळ्यापर्यंत आली.
बोटं काळी झाली होती.
तिने तशीच हातमोज्यांत घातली.