नावाची भांडी

भिशी लागली त्या महिन्यात मायक्रोवेव्ह आला,
भुसावळला, रेल्वे क्वार्टरच्या अरुंद ओट्यावर,
आणि मांडणीवरचा एकेक जण
आत जाता जाता दारातून परत फिरला.

स्टीलचा डबा: चि. सौ. कां. हर्षला हीस
मामा तोताराम भारंबे, सावदा.
पातेलं: वास्तुशांती, ११ मे.
ताटली: कै. यमुनाबाई नेहेते यांच्या स्मरणार्थ.
यमुनाबाई कोण, घरात कुणालाच सांगता येत नाही,
पण रोजची पोळी मी त्यांच्याच नावावर वाढते.

ज्याच्यावर नाव कोरलंय, ते आत चालत नाही.

रुखवतातल्या सोनेरी काठाच्या कपाला वाटलं,
आपण तर चिनी मातीचे.
तिसऱ्या सेकंदाला काठावर निळी ठिणगी,
पँटोग्राफवर उडते तशी.
मी धावत जाऊन भिंतीवरचं बटणच बंद केलं.
हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "ट्रिप झालं असतं."
लोको पायलटला ठिणगीचं कौतुक नसतं.

उरला काचेचा एक जाड वाडगा.
कुणी दिला, कधी दिला, कसलीच नोंद नाही.

आज त्यात जानेवारी आहे:
बामणोदच्या वन्संनी पऱ्हाट्यांच्या जाळावर
भाजलेल्या वांग्यांचा गर,
फ्रीझरमध्ये दगड झालेला.
देतानाच बजावलं होतं त्यांनी,
"पिशवीसकट नको ठेवू वं, पघळीन ते."

मागे एकदा फुल पॉवरवर घाई केली होती.
कड करपली, पोटात बर्फ तसाच,
आणि पाहुण्यांसमोर हे गप्प चावत बसले.
आता मंद. दोन मिनिटं. थांब.
चमच्याने फोड, कडेचं आत, आतलं कडेला.
झाकण जरा तिरकं, वाफेला वाट.
पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा थांब.
उरलं तर परत गोठवायचं नाही,
आजचं आजच संपवायचं.

मे महिना. रात्री अकरालाही भिंतीला हात लावत नाही,
आणि दाराच्या काचेमागे दव धरलंय.
फोडणी मात्र गॅसवरच,
लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप,
कढई लोखंडी, बिननावाची तीही.

खंडव्याहून आज स्पेअर येतायत, म्हणून फोन चालू.
"आउटरला उभी आहे गाडी. सिग्नल नाही."

उभी राहू दे, मी म्हणते,
वांगंही अजून आउटरलाच आहे.