पहिलं बिल

बसा, ढोकसाहेब. कूलरमध्ये पाणी नाही, पण हवा येते.
तो ढीग सरकवा जरा, जुन्या जर्स्या आहेत,
नावं उसवत बसलो होतो.

खाली गेलो आपण. वरच्या डिव्हिजनमधून, वीस वर्षांनी.
दोन पॉइंटांनी गेलो, असं तुम्ही म्हणता.
मी म्हणतो, दोन वर्षांनी.

मी सगळं बघतो. जाळीमागे उभा असतो,
टेप गळ्यातच, काढायचा राहून जातो.
सदरवाल्यांनी चार मारले त्या दिवशी
आपला गोली चौथ्याला वाकलाही नाही.
काऊन वाकंल? अध्यक्षांचा साळा तो.
छत्तीसची कंबर शिवली होती त्याला,
परवा मापली, बेचाळीस.

तुमची मीटिंग झाली म्हणे, मंडपाच्या गोदामात.
तर्री पोहे आले, दोनदा चहा आला,
आणि ठरलं काय, तर कोच काढा.
नारनवरे सरांनी काय केलं होतं?
उन्हाआधी पाचला पोट्टे उठवले, एवढंच ना?
लग्न मोडलं तर कोणी मंडपवाल्याला हाकलत नाही, साहेब,
तुमचाच धंदा, तुम्हाला मी काय सांगू.

बाहेरून तीन आणले. तिघेही तिशीपार.
पैसे फेब्रुवारीत संपले, ते मार्चात दिसले नाहीत.
एकाचं तर अजून मोजेसुद्धा इथंच पडून आहेत.
आणि हा उईके, तन्मय, अठराचा, डाव्या पायाचा,
वाडीवरून सायकल हाणत येतो,
बेंचवर बसून बसून चड्डी बुडाशी झिजली त्याची.
थिगळ मीच लावलं.

माझं ऐकाल तर गोली बदला.
मागचे दोघे ठेवा. भांडतात, भांडू द्या,
बोलतात तरी एकमेकांशी.
अंकुशला विकू नका.
नाही, विकाच. कामठीवाले चांगले देतील,
पण पैसा मैदानात घाला, नव्या बॅनरात नको.
गोलपुढची जमीन बघितली का? परातीसारखी झाली.
कापडाची उपमा देत नाही,
शिंप्याच्या तोंडी ती फुकटची असते.

आता सहा नंबर.

असं पंख्याकडे बघू नका.
होमेश तेहतिसाचा झाला. गुडघ्यात पाणी.
वळायला त्याला गड्डीगोदामाचा पूल लागतो अख्खा.
जाळीपाशी पोरं बोलतात,
काऊन ठेवून रायले बे याला?
मी टेप बोटाला गुंडाळतो, सोडतो, गुंडाळतो.

मला माहीत आहे काऊन.

बावीस वर्षं मी शिलाई घेतली नाही.
पहिल्या वर्षी हौस होती.
दुसऱ्या वर्षीही हौसच.
सातव्या वर्षी पोरगा संघात आला,
त्यानंतर ती हौसच होती की दुसरं काही,
मला सांगता येत नाही,
आणि तुम्ही कधी विचारलं नाही.
दर जूनला थैली यायची, दर जुलैला जर्स्या जायच्या,
यादीत सहावर एकच नाव.
अध्यक्षांच्या साळ्याला मी इतकी वर्षं हसलो.

हे घ्या.
अठरा जर्स्या, अठरा चड्ड्या, आकड्यांचे वेगळे.
बाजारभावानं लावलंय, घासाघीस करू नका.
उधार चालणार नाही, आजच रोख.
मागची बावीस वर्षं त्यात धरली नाहीत,
ती गेली.
एकदा पैसे मोजले की मग यादी करा,
कुणाचं देणं डोक्यावर नाही असं समजून करा.

होमेशला तुम्ही सांगा.
मला जमायचं असतं तर याआधीच जमलं असतं.
त्याच्या आईला मी बघतो.

सहाचा आकडा कापून ठेवलाय, पांढरा,
त्या डब्यात, बटणांच्या वर.
कुणाच्या मापावर लावू, सोमवारपर्यंत कळवा.

उईकेची छाती चौतीस आहे.
माझं काही म्हणणं नाही,
नुसतं सांगून ठेवतो.