कुणाच्या नावे

फिलाडेल्फियात, संग्रहालयाच्या तळघरात,
माझ्यासमोर एक चोपडी उघडी आहे:
विधवा टॅबिथा ऑर्न, खाणावळ, फोर्थ स्ट्रीट.
कातडी बांधणी, कडेला उंदराचे दात,
आत तपकिरी शाई,
जिनं कागद जागोजाग खाल्लाय.

माझं काम एवढंच की
कागद आणखी फाटू नये.
पण अण्णा बार्शीला अडतीवर दिवाणजी होते.
सांगायचे, चोपडी हातात आली की
आधी खाडाखोड बघावी,
बेरीज नंतर.

मे महिना. श्री. ओबादाया क्रेन आले,
डेलावेअरच्या दलदलीकडचे प्रतिनिधी.
वरची खोली, खिडकी रस्त्याकडे.
सोबत एक माणूस, मिंगो.
निजायला जिन्याखाली. अर्धं ताट.
पैसे श्री. क्रेन यांच्या नावे.

जून. मदिरा, तीन बाटल्या. लिंबं.
विगची पावडर. दात काढणाऱ्याला आगाऊ.
सभागृहाच्या खिडक्या म्हणे बंद ठेवतात,
बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून,
त्यामुळे घामेजलेले सदरे: आठवड्याला अकरा.
धुतले कुणी, ते लिहिलेलं नाही.

बाईंचा हात तोकडा, कान तिखट.
समासात एके ठिकाणी:
रात्रभर येरझाऱ्या. एकच वाक्य मोठ्यानं म्हणतात.
जन्मतः मोकळा, जन्मतः मोकळा.
खालच्या क्वेकर गृहस्थांची तक्रार.
आणि त्याच ओळीत, हिशेब सुटू नये म्हणून,
मेणबत्त्या चार.

मेणबत्त्या वर कोण नेऊन देत होतं?
तेव्हा वाक्य चालू होतं, की थांबलं?
चोपडी असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही.
चोपडी म्हणते: चांभाराला, मिंगोचे जोडे, नवे तळ.
आणि पुढे बारीक अक्षरात,
क्रेन म्हणतात, गरज नव्हती.

जुलैची एकोणीस.
पाव एक. चीजचा तुकडा.
लोकरी मोजे, भर उन्हाळ्यात, जोड एक.
रोख दोन शिलिंग.
रकान्यात आधी लिहिलं: क्रेन यांच्या नावे.
खोडलं. मिंगोच्या नावे.
तेही खोडलं.
मी पान दिव्याखाली तिरपं धरलं;
शाई खरवडली तरी लेखणीचा दाब राहतो.
त्यानंतर काहीच नाही. रकाना कोरा.

वीस तारखेला पुन्हा क्रेन यांच्या नावे:
कागद, शाई,
छापखान्यात धावलेल्या पोराला एक पेनी.
छापून आलेलं कात्रण बाईंनी तिथंच चिकटवलंय.
उंच, डाव्या भुवईवर व्रण,
जोड्यांना नवे तळ,
इतकी वर्षं पोसलेला, कृतघ्न.
आणून देणाऱ्यास सहा पौंड.
आमच्याकडे म्हणाले असते,
खाल्ल्या मिठाला जागला नाही.

क्रेन ऑगस्टात गेले. येणे अकरा पौंड चार शिलिंग.
मागील बाकी, मागील बाकी,
दरसाल पुढच्या पानावर ओढलेली,
आधी बाईंच्या हातानं, मग मुलीच्या,
मग शाईच बदलते.
त्यांच्या गावात आता त्यांचा पुतळा आहे,
हातात दगडी कागद. त्यावर अक्षर नाही,
मी मुद्दाम जाऊन पाहिलं.

रात्री अण्णांना फोन केला. तिकडे सकाळ,
पाठीमागं कुकरची शिट्टी.
म्हणाले, महिनाअखेर जुळते का?
म्हटलं, जुळते. तेच तर.
दोन शिलिंग कुणाच्याच नावे नाहीत,
पाव नाही, मोजे नाहीत,
तरी जुळते.

जरा वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, जुळते म्हणजे बाईनं कुठंतरी घातलेत.
किरकोळीत बघ. बायका किरकोळीत घालतात.

सकाळी पाहिलं.
घरखर्च, जुलै.
साबण. सरपण. मांजरासाठी कलेजी.
मीठ.
आणि चार ओळी खाली, जरा घाईच्या अक्षरात,
पुन्हा मीठ.