उष्टं

सुईण साबेला बोलली ते फार साधं होतं :
मुलाचं उष्टं खाऊ नकोस.
मुका ओठांवर नको, कपाळावर घे.
लंगोट बदललास, नाक पुसलंस, की साबणाने हात,
बोटांच्या बेचक्यांतही.

इरिया हसली. एवढंच?
मासे डबाबंद करायच्या कारखान्यात
ती दिवसाला वीसदा हात धुते,
तरी तारलीचा वास नखांतून हटत नाही.

पण ब्रेइशो अडीच वर्षांचा.
पाळणाघरातून येतो तो शेंबडासकट,
आणि अर्धा चावलेला, लाळेने मऊ झालेला पाव
रोज तिच्यासाठी मुठीत राखून आणतो.
आई, घे.

एक विषाणू आहे म्हणे.
पोरांच्या लाळेत महिनोन्‌महिने राहतो,
त्यांना साधी शिंकही येत नाही.
पोटातल्याला मात्र गाठतो,
आणि कानाच्या आतल्या इवल्या शंखात
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा
ठाण मांडून बसतो.

समोरच्या अंतीयाला हे कोणीच सांगितलं नव्हतं.
तिची नोएला जन्मली तेव्हा चाचणीत पास होती.
दीड वर्षाची असताना पातेलं पडलं,
तिने मान वळवली नाही.
आता आठ वर्षांची. हातांनी बोलते, भरभर,
भांडते हातांनीच, आणि जिंकते.
धुक्यात धक्क्याच्या कठड्याला गाल लावून
सगळ्यांच्या आधी सांगते, बोट आली.
तिच्यात काही उणं आहे असं इरियाला कधी वाटलं नाही.
वाटतं ते एवढंच, की अंतीयाला
ते एक वाक्य मिळायला हवं होतं.

रोज संध्याकाळी पाव. रोज नको.
एकदा ब्रेइशोने तो खिडकीतून
समुद्रपक्ष्यांना देऊन टाकला
आणि आठवडाभर आईशी अबोला.

मार्चमध्ये मुलगी झाली.
लाळेचा बोळा तपासला, कान तपासले.
कागद वाचून इरियाने
दोनदा घडी घालून उशीखाली ठेवला.
खात्री कुणालाच देता येत नाही, साबेला म्हणाली,
आपण आपलं दार लावून घेतो.

बंदरावर भोंगा वाजला, बाळ दचकलं.
तेवढ्यात ब्रेइशो आला.
बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.
मूठ उघडली :
चिंब, बोटांचे ठसे उमटलेला.

इरियाने आ केला.
जरा खारट होता.