गाळलेली ओळ

मिस्टर ब्रॅम्हॉल यांनी आत्ता माझी ओळख करून दिली.
खांडेपारकर या आडनावात ते दोनदा अडखळले,
मग चष्मा काढला आणि सरळ 'प्रमिला' म्हणाले.
बाकी सगळं बरोबर वाचलं :
पदविका, परीक्षक म्हणून बावीस वर्षं,
लीड्स, हॅरोगेट, एकदा एडिंबरा.
शंभर शब्दांत बसवायचं होतं. बसलं.
बसवताना एक ओळ गळली.
समितीने फार सभ्यपणे कळवलं होतं,
विषयाशी थेट संबंध दिसत नाही, जागाही कमी आहे.

ती ओळ अशी होती :
अकरा वर्षं, इस्पितळाची लॉन्ड्री, ब्रॅडफर्ड.

आता माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत
आणि हडर्सफील्डच्या या हॉलचा माइक
माझ्या हातात आहे.

सकाळपासून मी तुमचेही परिचय वाचतेय,
चहाच्या रांगेत, बिस्किटाचा चुरा सांभाळत.
सगळेच आपण त्यात 'तो' नाहीतर 'ती',
जणू कुणी दुसऱ्यानंच मायेनं लिहिलंय.
कोण कुणाकडे शिकलं, ते कुणाकडे शिकले,
सोयरीक जुळवताना काढतात तसं कूळ
थेट व्हिएन्नापर्यंत नेलेलं.
ॲलन बेव्हनच्या नावाखाली 'आंतरराष्ट्रीय वादक' आहे.
ॲलन, रागावू नकोस,
ती एकोणीस वर्षं बोटीवरची ना?
खालची जमीन डुलत असताना
ताल कसा धरायचा ते सांगणार आहेस आज,
की पुन्हा स्केल्सवरच बोलणार?

माझ्या घरात गाणं नव्हतं.
रेडिओ होता, तोही बातम्यांपुरता.
एकोणतिसाव्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत,
इस्पितळाच्या चॅपेलमध्ये मी डबा खायला जायचे,
कारण तिथे हीटर होता.
पियानोही होता.
त्याची एक पट्टी मुकी होती, दाबली की नुसतं लाकूड वाजायचं.
मी आधी तीच दाबली.
तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार नव्हता.

पाद्र्यांची बायको, ईनिड गारसाइड,
आठवडाभर दारातून बघत होती म्हणे.
फी ठरली : कॉयरच्या झग्यांना इस्त्री, महिन्याला चौदा.
कॉलरपासून सुरू करायची. असो.

पेडलबद्दल बोलायला मला बोलावलंय तुम्ही.
तर ऐका. वाफेच्या प्रेसला पायाशी पेडल असतं.
वाफ संपल्यावर पाय उचलला तर उशीर झाला,
चादर करपते.
घाई केली तर सुरकुती तशीच राहते
आणि रात्री कुणा आजारी माणसाच्या पाठीखाली जाते.
वाफ संपत आली, एवढं कळलं पाहिजे,
आणि ते डोळ्यांना कळत नाही.

हे मला मोरीन स्कोल्झ हिनं दाखवलं,
रात्रपाळीची मुकादम, तोंडात कायम पेपरमिंट.
तिचा परिचय कुणी कधी मागितला नाही.
माझ्या पायावर तिनं आपला पाय ठेवला,
नुसता ठेवला, दाबला नाही,
आणि म्हणाली, आता ऐक.

पुढे परीक्षेत कुणीतरी शेरा लिहिला,
'पेडल विलक्षण स्वच्छ.'
तो शेरा परिचयात आहे. तो नाही गाळला.
इतकी वर्षं मी त्याचं श्रेय पदविकेला दिलं,
वर्गातल्या पोरांनाही तेच सांगितलं,
आणि इस्त्रीच्या जुन्या डागाचं मनगट
बाहीत लपवून वाजवत राहिले.

थोडं पाणी पिते.

कुणी काही लिहून घेत नाहीये.
मिस्टर ब्रॅम्हॉल घड्याळाकडे बघताहेत.
फक्त शेवटच्या रांगेत, खांबाजवळ,
हिरव्या कार्डिगनमधली एक बाई
वाकून, हळूच,
उजव्या पायातला बूट काढते आहे.