तीन खिळे

ट्रकच्या चाकांतून निघालेली चार बेअरिंगं
रात्रभर रॉकेलात भिजत घातली.
जांदिराला ग्रीसचा वास आवडत नाही,
आणि मीही, बहुधा.
तिच्या आईशी लग्न होऊन पाच महिने झाले,
ती मला 'तुम्ही' म्हणते, तेही गरज पडलीच तर.

फळी पेरोबाची, जुन्या दाराची.
कडीचं भोक तसंच राहिलेलं.
"इथून दोरी ओवूया आपण," ती म्हणाली.
आपण.
मी ऐकलं नाहीसं करून कानस चालवत राहिलो.

रविवारी मिसा सुटल्यावर
चर्चमागच्या चढाच्या माथ्यावर अकरा गाड्या.
लोखंड डांबरावर असं किंचाळलं
की मिनासमधली सगळी कुत्री खाटेखाली गेली असतील.

पायांनी आस वळवत, हनुवटी गुडघ्यांत,
ती चौथी होती, मग दुसरी,
मग वळण.
ब्रेकला ठोकलेला टायरचा तुकडा
(तीन खिळे हवे होते, मी दोन मारले)
उडून गटारात.

"अरे ओझियास, धर ना!"

धावलो. हाती फक्त दोरी आली.
ती पाववाल्याच्या पोत्यांत शिरली
आणि पांढरी होऊन बाहेर आली,
कोपर सोललेलं.

"तीन खिळे लागतात," मी म्हणालो.
"मग तू मोजत जा."